सॉक्रेटिसाचे ‘जर–तर’

‘आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटले असते,’ असे आपल्याकडे थट्टेने म्हणतात. कोणी ‘जर असे झाले असते तर’ अशी मनोराज्ये रचू लागला, की वडील माणसे ही म्हण ऐकवून त्याला गप्प बसवितात. म्हणीत तथ्य नाही असे नाही. परीक्षा होऊन गेल्यावर ‘जर मी अभ्यास केला असता तर पहिला आलो असतो’ असे म्हणणाऱ्याच्या हाती त्या ‘जर’ने काहीच लागत नाही. परंतु सगळेच ‘जर’ असे रिकामे नसतात.

गणिताच्या तासाची आठवण करा. ‘बारा नारळांस अमुक रुपये पडतात, तर पंचवीस नारळांस किती पडतील?’ हे नारळ कोणी घेतले, गुहागरच्या बाजारात घेतले की चिपळूणच्या, असे तेथे कोणी विचारीत नाही. ते नारळ कोठेच नसतात. तरीही येणारे उत्तर खरे असते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी आमच्या गुहागर तालुक्यातील कोतळूक या गावी झाला. देशकार्यात नावारूपास येण्यापूर्वी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक होते. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक पुढे अनेक शाळांतून चालले. अशा पुस्तकातील प्रत्येक उदाहरण म्हणजे एक ‘जर’च होय. मात्र त्याचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते, आणि चुकलो की नाही हे आपल्याला लगेच पडताळून पाहता येते.

ज्या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेली नसतात, त्यांना हीच युक्ती लावून पाहणारा एक मनुष्य सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात होऊन गेला. न्याय म्हणजे काय, शौर्य कशाला म्हणावे, चांगुलपणा शिकविता येतो काय, असे ते प्रश्न होते. आणि त्या मनुष्याचे नाव सॉक्रेटिस.

सॉक्रेटिस हा अथेन्स नगरीचा रहिवासी. बाप पाथरवट, आई सुईण. दिसायला तो कुरूप होता. नाक बसके आणि डोळे बटबटीत. तो बहुधा अनवाणी चाले. त्याचे आयुष्य बाजारात, व्यायामशाळेत, नाहीतर कोणाच्या तरी घरी लोकांशी बोलण्यात गेले. त्याने एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याचे बोलणे आपण वाचतो ते मुख्यतः त्याचा शिष्य प्लेटो याने लिहिलेल्या संवादांतून. त्यांतील कोणता विचार गुरूचा आणि कोणता शिष्याचा, हा पंडितांचा जुना वाद आहे. आपण त्यात पडावयास नको. आपण आपल्या आईचाच धंदा चालवीत आहोत, असे सॉक्रेटिस म्हणत असे. आई मुलांना जन्माला आणण्यास साहाय्य करी, तो माणसांच्या मनातले विचार बाहेर आणण्यास साहाय्य करी. आणि या कामातले त्याचे एक मोठे हत्यार म्हणजे ‘समजा’ या शब्दाने सुरू होणारा प्रश्न.

एकदा तो अथेन्सच्या बंदरात सेफालस नावाच्या श्रीमंत वृद्धाच्या घरी गेला होता. बोलता बोलता न्यायाचा विषय निघाला. खरे बोलावे आणि ज्याचे घेतले त्याचे त्याला परत द्यावे, म्हणजे न्याय झाला, असा सेफालसच्या बोलण्याचा आशय होता. किती साधी आणि किती पटणारी गोष्ट! आपणही घरात लहानपणापासून हेच ऐकतो. सॉक्रेटिसाने ती खोडून काढली नाही. त्याने एवढेच विचारले की, समजा, एका मित्राने शहाणा असताना आपली शस्त्रे तुमच्याजवळ ठेवायला दिली. पुढे त्याला वेड लागले, आणि त्या वेडाच्या भरात तो ती मागायला आला. तर ती त्याला द्यावीत काय? देऊ नयेत, हे म्हाताऱ्याला मान्य करावे लागले. मग तो हसत हसत देवपूजेसाठी उठून गेला आणि वाद पुढे चालविण्याचे काम आपल्या मुलावर सोपवून गेला.

हा प्रसंग आपल्या गावात आणून पाहा. तुम्ही शेजाऱ्याचा कोयता झावळ्या तोडण्यासाठी मागून आणला आहे. संध्याकाळी तोच शेजारी सख्ख्या भावाशी भांडून, संतापाने थरथरत तुमच्या अंगणात येतो आणि ‘माझा कोयता दे’ म्हणतो. कोयता त्याचाच आहे. तुम्ही तो परत देण्याचे कबूलही केले होते. द्याल काय? ‘नाही’ म्हणालात, तर तो विचारील, ‘कोठे ठेवला आहेस?’ मग खरे सांगाल, की खोटे बोलाल? पाहा, एका ‘समजा’ने आपण किती खोल पाण्यात आलो! आता ‘घेतलेले परत द्यावे’ हा नियम खोटा ठरला असे नव्हे. परंतु तो नियम म्हणजेच संपूर्ण न्याय, असे मात्र म्हणता येत नाही. नियमाच्या पोटात आणखी काहीतरी आहे, आणि ते शोधले पाहिजे, एवढे आपल्या ध्यानात आले.

तेथे खरा वेडा नव्हता, खरी तलवार नव्हती. खऱ्या वेड्याच्या हाती खरी तलवार पडेपर्यंत थांबले असते, तर एखाद्याचा जीव गेल्यावर शहाणपण आले असते. दुसरी गोष्ट, ‘नाही’ हे उत्तर सॉक्रेटिसाने सेफालसवर लादले नाही. ते सेफालसने स्वतःच मान्य केले. दुसऱ्याने सांगितलेली चूक माणसाला टोचते आणि तो ती नाकारू लागतो. स्वतः मान्य केलेले उत्तर नाकारणे कठीण जाते.

एखादे मत क्षणभर खरे धरून त्यातून काय निष्पन्न होते ते पाहण्याची रीत आपल्याही देशात जुनी आहे. आपल्या न्यायशास्त्रात ‘तर्क’ या शब्दाचा एक नेमका अर्थ हाच आहे. उन्हाळ्यात भाजावळीच्या दिवसांत पलीकडच्या डोंगरावर धूर दिसतो. कोणी हट्टाने म्हणाला की तेथे विस्तव नाही, तर नैयायिक त्याच्याशी भांडत नाही. तो म्हणतो, ‘बरे, नाही असे धरू. विस्तव नसता तर धूरही नसता. पण धूर तर तुझ्या डोळ्यांसमोर आहे!’

मराठीत या रीतीचा धारदार उपयोग महात्मा जोतीराव फुले यांनी केला. त्यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो जोतीराव आणि धोंडिबा या दोघांच्या संवादाच्या रूपात आहे. सॉक्रेटिसाच्या संवादांत बहुधा गुरू विचारतो आणि दुसरे उत्तर देतात. येथे पुष्कळदा धोंडिबाच विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. तरी जुन्या समजुतींची परीक्षा करण्याची तऱ्हा तीच आहे. निरनिराळे वर्ण देवाच्या निरनिराळ्या अवयवांपासून जन्मले असे एकदा धरले, तर पुढे कोणकोणते प्रश्न उभे राहतात आणि ग्रंथ त्यांविषयी कसे गप्प आहेत, हे जोतीराव दाखवितात. मनुष्य माशाच्या पोटी जन्मला म्हणावे, तर मासा आणि मनुष्य यांच्या शरीरांत आणि आहारविहारात एवढा भेद कसा, असेही त्यांत विचारलेले आहे. जन्मावरून माणसाला उच्च किंवा नीच ठरविणाऱ्या समजुतीखाली लाखो लोक पिढ्यान्‌पिढ्या भरडले जात होते. म्हणून हे प्रश्न केवळ बुद्धीचा खेळ नव्हते. ते विचारण्यास धैर्य लागले, आणि विचारणाऱ्याला लोकांचा रोषही सोसावा लागला.

परंतु ‘जर’चा उपयोग दुसऱ्याचे मत पाडण्यासाठीच होतो असे समजू नका. त्याने नवे काही सापडतेही. याचे सुंदर उदाहरण प्लेटोच्या ‘मेनो’ नावाच्या संवादात आहे. मेनो या श्रीमंत तरुणाच्या पदरी एक गुलाम मुलगा होता. त्याने भूमिती कधी शिकलेली नव्हती. सॉक्रेटिसाने त्याला जवळ बोलाविले आणि एक चौरस काढून दाखविला. तुम्हीही हे करून पाहा. गुहागरला ओहोटीच्या वेळी पाणी दूर जाते आणि ओली, घट्ट वाळू मैलभर पसरलेली असते. तिच्यासारखी पाटी दुसरी नाही. जेथे समुद्र नाही तेथे अंगणातली माती चालेल.

दोन पावले लांब आणि दोन पावले रुंद असा चौरस काढा. त्याचे क्षेत्र किती? मुलाला ते एकदम सांगता येईना म्हणा किंवा त्याने चुकू नये म्हणून म्हणा, सॉक्रेटिसाने आधी एक सोपा ‘जर’ विचारला: ही बाजू दोन पावले आणि ती बाजू एकच पाऊल असती, तर क्षेत्र दोनाची एक पट, म्हणजे दोनच झाले असते ना? आता तीही दोन पावले आहे. म्हणजे दोनाची दुप्पट, चार. मुलाला हे समजले. मग खरा प्रश्न आला. या चौरसाच्या दुप्पट क्षेत्राचा, म्हणजे आठ चौरस पावलांचा चौरस काढावयाचा असेल, तर त्याची बाजू किती पाहिजे?

मुलगा झटकन म्हणाला, ‘दुप्पट.’ तुमच्यापैकी किती जणांच्या मनात हेच आले? पण चार पावलांची बाजू घेऊन चौरस काढला तर क्षेत्र होते सोळा. फार मोठे झाले. मग मुलगा म्हणाला, ‘तीन.’ तिनाचा चौरस नऊ. तेही चुकले. शेवटी त्याने कबूल केले की आपल्याला ठाऊक नाही. येथे सॉक्रेटिस थांबला आणि मेनोला म्हणाला की या मुलाचे काही नुकसान झाले आहे काय? आधीही त्याला येत नव्हते. पण आपल्याला येते असा त्याचा समज होता. आता येत नाही हे त्याला कळले आहे, म्हणून तो शोधू लागेल.

याच मेनोने थोड्या वेळापूर्वी सॉक्रेटिसाची तुलना एका चपट्या माशाशी केली होती. तो मासा आपल्याकडच्या पाकटासारखा दिसतो, आणि त्याला स्पर्श होताच हात बधिर होतो. तुझ्याशी बोलताना आमची जीभ आणि मन अशीच बधिर होतात, अशी मेनोची तक्रार होती. ती तक्रार खोटी नव्हती. परंतु मुलाच्या बाबतीत बधिरपणा पुढे कसा ओसरला ते पाहा.

तुमचा सोळा पावलांचा मोठा चौरस वाळूत तसाच आहे ना? त्यात दोन-दोन पावलांचे चार लहान चौरस पाडा. आता प्रत्येक लहान चौरसात एक तिरपी रेघ अशी मारा, की चारही रेघा एकमेकींना मिळून मधोमध एक तिरका चौरस तयार होईल. प्रत्येक रेघेने एका लहान चौरसाचे बरोबर दोन भाग केले. त्यांतला एक भाग तिरक्या चौरसाच्या आत राहिला. चारांच्या निम्मे दोन, असे चार वेळा, म्हणजे आठ! जी बाजू मुलाला आकड्यात सांगता येत नव्हती ती मूळ चौरसाच्या कर्णात लपलेली होती. सॉक्रेटिसाने त्याला एकही उत्तर सांगितले नाही असे प्लेटो म्हणतो. मला वाटते, शेवटी शेवटी त्याने बरीच वाट दाखविली. ती तिरपी रेघ मुलाला सुचलेली नाही, ती सॉक्रेटिसानेच सुचविली. पण तिच्यामुळे आठ होतात हे मुलाने स्वतः मोजले, आणि तो गुलाम होता म्हणून त्याची बुद्धी कमी होती असे म्हणण्यास जागा उरली नाही.

प्लेटोच्या संवादांत एक ‘जर’ असा आहे, की त्यात काढावयाची आकृती वाळूवर नसून आपल्याच मनावर आहे. तो सॉक्रेटिसाने विचारलेला नाही, त्यालाच विचारलेला आहे. विचारणारा ग्लॉकॉन हा प्लेटोचा भाऊ. त्याने गायजीसच्या अंगठीची गोष्ट सांगितली. एका मेंढपाळाला भूकंपाने पडलेल्या भगदाडात एका प्रेताच्या बोटात सोन्याची अंगठी सापडली. तिचा खडा तळहाताकडे वळविला की घालणारा अदृश्य होई. हे कळताच त्या मेंढपाळाने राजवाड्यात प्रवेश मिळविला, राजाला ठार केले आणि राज्य बळकाविले. ग्लॉकॉन म्हणाला, समजा, अशा दोन अंगठ्या आहेत. एक सज्जनाला दिली आणि एक दुर्जनाला दिली, तर दोघांच्या वागण्यात काही फरक राहील काय? माणसे चांगली वागतात ती पकडले जाण्याच्या भीतीने. भीती गेली की सज्जन आणि दुर्जन एकाच वाटेने जातील, असे लोक म्हणतात. ते खोटे आहे हे सॉक्रेटिसा, तू सिद्ध करून दाखव!

वैशाखात हापूसच्या बागेत राखणदार डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. तुमच्या बोटात ती अंगठी आहे. किंवा बाग सोडा. परीक्षेचा वर्ग आहे, पर्यवेक्षकाला तुम्ही दिसत नाही, आणि शेजारच्या मुलाची उत्तरपत्रिका उघडी आहे. अशा अंगठीचा कोणी आपल्या मनाशीच विचार केला, तर त्याचे उत्तर दुसऱ्या कोणाला कळणार नाही. म्हणूनच ते खरे निघण्याचा संभव अधिक. सॉक्रेटिसाला मात्र मनाशी उत्तर देऊन भागणार नव्हते. ‘रिपब्लिक’ या ग्रंथाचे दहा भाग आहेत. हा प्रश्न दुसऱ्या भागात आला, आणि त्याचे उत्तर शेवटच्या भागापर्यंत चालले.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्यांना ‘समजा’ म्हणून कोंडीत पकडणे सोपे आहे. त्याच्या काळच्या लोकांनाही तसेच वाटे. हा स्वतः उत्तर देत नाही, नुसते विचारतो, असे थ्रॅसिमॅकस नावाचा वक्ता त्याच्या तोंडावर चिडून म्हणाला होता. परंतु इ. स. पूर्व ३९९ मध्ये अशी वेळ आली, की सॉक्रेटिसाला स्वतःच्याच ‘जर’ला उत्तर द्यावे लागले.

तो नगरीच्या देवांना मानीत नाही आणि तरुणांना बिघडवितो, असा त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला. तेव्हा तो सत्तर वर्षांचा होता. निवाडा देण्यास सुमारे पाचशे नागरिक बसले होते. त्यांच्यापुढे सॉक्रेटिसाने एक ‘जर’ आपण होऊन मांडला. समजा, तुम्ही मला सांगितले की, तुला सोडतो, पण यापुढे हे प्रश्न विचारणे बंद कर. तर मी काय करीन? मी तुमचा मान राखीन, पण श्वास आहे तोवर विचारणे थांबविणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने स्वतःच देऊन टाकले. असे बोलून न्यायाधीशांचे मन जिंकता येत नाही हे त्याला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! तो दोषी ठरला. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो, एवढे त्याने शांतपणे म्हटले. त्या ‘जर’ने हाती काही लागत नाही, म्हणून त्याने तो पुढे ओढला नाही. त्याला मृत्यूची शिक्षा झाली.

शिक्षा लगेच अमलात आली नाही. नगरीचे एक पवित्र जहाज डेलॉस बेटाला गेले होते. ते परत येईपर्यंत कोणाला मृत्युदंड देण्याची चाल नव्हती. जहाज परत येण्याच्या बेतात असताना एके दिवशी पहाटे त्याचा बालपणापासूनचा मित्र क्रिटो तुरुंगात आला. पळून जाण्याची सारी सिद्धता त्याने केली होती. पैसा तयार होता, परगावी आश्रय देणारे लोक होते. ‘मुले लहान आहेत, त्यांना वाऱ्यावर सोडू नकोस,’ असे त्याने परोपरीने विनविले.

सॉक्रेटिस म्हणाला, समजा, आपण येथून निघत आहोत आणि नगरीचे कायदे माणसाच्या रूपाने येऊन आपल्या वाटेत उभे राहिले. त्यांनी विचारले, की सॉक्रेटिसा, हे काय करतोस? न्यायालयाने दिलेला निकाल जो तो आपल्या मर्जीप्रमाणे मोडू लागला, तर नगरी उभी राहील काय? तुझ्या आईबापांचा विवाह आमच्यामुळे झाला, तुझे पालनपोषण आणि शिक्षण आमच्यामुळे झाले. आम्ही पटलो नाही, तर सामानसुमान घेऊन हवे तेथे जाण्याची तुला मोकळीक होती. सत्तर वर्षांत तू गेला नाहीस. आमचे चुकत असेल तर आम्हाला समजावून दे, नाहीतर आमचे ऐक, असा आपला करार होता ना? आज मेंढपाळाचे कातडे पांघरून पळालास, तर उद्या परक्या गावी न्यायाच्या गोष्टी कोणत्या तोंडाने सांगशील? यांना आपण काय उत्तर देऊ, क्रिटो?

येथे एक अडचण आहे, आणि हुशार विद्यार्थ्याला ती दिसली असेल. प्रश्न विचारू नकोस ही आज्ञा मी मानणार नाही, असे न्यायालयात सांगणारा मनुष्य तुरुंगात ‘न्यायालयाचा निकाल मानला पाहिजे’ असे कसे म्हणतो? विद्वान यावर आजही वाद घालतात. मला असे वाटते की दोन्ही ठिकाणी त्याने एकच गोष्ट जपली. जे वाईट वाटते ते करावयाचे नाही. आणि ते न केल्याबद्दल जी शिक्षा होईल ती लपूनछपून चुकवावयाची नाही. तुम्हाला वेगळे वाटत असेल तर वर्गात अवश्य वाद करा. आपल्या मराठी रंगभूमीवरही हा मनुष्य येऊन गेला आहे. मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’ या १९९९ च्या नाटकात डॉ. श्रीराम लागू यांनी सॉक्रेटिसाची भूमिका केली होती.

क्रिटोने कायद्यांचे म्हणणे ऐकले. आपल्याजवळ यावर बोलण्यासारखे काही नाही, असे त्याने सांगितले. लवकरच जहाज बंदरात आले.

शेवटच्या दिवशी सकाळपासून मित्र सॉक्रेटिसाजवळ बसले होते. मरणानंतर जीव उरतो काय, हा बोलण्याचा विषय होता. सिमियस नावाच्या तरुणाच्या मनात एक शंका आली. परंतु सायंकाळी ज्याला विषाचा पेला घ्यावयाचा आहे त्याला ती विचारावी की नाही, या संकोचाने तो शेजाऱ्याशी कुजबुजत राहिला. सॉक्रेटिसाच्या ते लक्षात आले. त्याने हसून त्याला बोलते केले. तेव्हा सिमियसने विचारले, जर जीव हा वीणेतून निघणाऱ्या सुरासारखा असेल, तर वीणा मोडल्यावर सूर मागे कसा राहील? सॉक्रेटिसाने त्याचे बोलणे प्रसन्न मुद्रेने पुरते ऐकून घेतले, आणि तो त्या ‘जर’चा विचार करू लागला.